फायलीतली चिठ्ठी

दुसरी चिठ्ठी आली तेव्हा पहिली अजून माझ्या फायलीतच होती, बारावीची गुणपत्रिका आणि बी.एस्सी.ची पदवी यांच्या मधल्या प्लास्टिकच्या कप्प्यात. आमच्या घरात महत्त्वाचा कागद ठेवायची जागा ती एकच. रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या, आईच्या मोतीबिंदूचा कागद, सगळं त्यात. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. कागद आला की तो माझ्या हातात यायचा, मी वाचायचे, त्यात काय लिहिलंय ते सांगायचे आणि फायलीत सरकवायचे. या गोष्टीचा मला अभिमान होता. अजून आहे, खोटं कशाला बोलू.

पहिली चिठ्ठी पेणच्या डॉक्टरांची. दुसरी कॅन्सरच्या डॉक्टरांची, यंदाच्या वैशाखातली. बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि तो कळला तेव्हाच हाडांत गेलेला होता. दर तीन महिन्यांच्या इंजेक्शनाने तो दीड वर्ष दबून राहिला. आता रक्तातला पीएसएचा आकडा परत चढायला लागला, म्हणून डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं ठरवलं. चिठ्ठीवर त्यांनी तातडीचं म्हणून लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. मला बघून ओढल्या असाव्यात असं वाटलं.

त्या हॉस्पिटलात सकाळी किती वाजता पोचायचं, पहिली नोंद कुठल्या मजल्यावर, कुठल्या खिडकीतल्या बाईशी गोड बोलायचं, हे आमच्या सगळ्या नात्यात एकाच माणसाला पाठ आहे. माझ्या चुलतभावाला. काकाला हाच आजार झाला होता. त्याला बरा करून घरी आणला तो या भावाने. मी फोन केला असता तर तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला असता. पण तीन दिवस मी फोन केला नाही. चिठ्ठी फायलीत घातली आणि फाईल कपाटात.

का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

बाबा पेणजवळच्या जोह्याला गणपतीच्या कारखान्यात आखणी करतात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम. अंगाचा रंग शिकवून येतो, सोंडेवरची नक्षी शिकवून येते; डोळे काढणारा कारखान्यात एखादाच. मूर्ती समोर घ्यायची, केसाएवढा ब्रश, श्वास रोखायचा आणि एक रेघ. बाबांचा एक नियम होता, एका डोळ्यावरून उठायचं नाही. डावा काढला की उजवा काढूनच उठायचं, मग बाहेर कुणी का येईना. मध्येच उठलं की हाताची चाल तुटते आणि दोन डोळे दोन माणसांचे दिसतात, असं त्यांचं म्हणणं.

या नियमापायी सीझनमध्ये ते पाणीच कमी प्यायचे. पुढे पुढे लघवीला सारखं जावं लागायला लागलं, धार बारीक झाली, थांबून थांबून व्हायला लागली, तरी कारखान्यात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. जुन्या आखणीवाल्यांना हे होतंच, बैठकीचं दुखणं आहे, असं सगळे धरून चालायचे.

"मास्तर, पाइपलाइन चोकअप झाली काय?" रंगकामवाले विचारायचे.

"तुझी व्हईल तवा हसून दाखव," बाबा म्हणायचे.

अशी दोन वर्षं गेली. जळजळ झाली की गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या. गोळ्यांनी बरं वाटायचं, हेच वाईट झालं.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. तोही याच कारखान्यात होता, पण अंगाच्या रंगावर; डोळे त्याला कधी जमले नाहीत. दहाएक वर्षांपूर्वी त्याच्या मुलाला रोह्याजवळ धाटावच्या केमिकल कंपनीत काम लागलं आणि काका घर हलवून रोह्याला गेला. ऐन सीझनमध्ये गेला. बाबांनी ते मनात धरलं. तेव्हापासून दोघं भाऊ सणासुदीला बोलायचे, तेवढंच.

काकाचा मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बारावीला त्याला केमिस्ट्री मी शिकवायचे. तो केमिस्ट्रीतच उडाला. मी पेणच्या कॉलेजातून त्याच विषयात बी.एस्सी. झाले, फर्स्ट क्लासमध्ये, आणि धाटावच्या तीन कंपन्यांत लॅबसाठी अर्ज केले. एकीनेही बोलावलं नाही. हा मात्र एका ओळखीच्या ठेकेदाराबरोबर हेल्पर म्हणून आत शिरला, ऑपरेटर झाला आणि पुढे कायमही झाला. रसायनशास्त्र मी शिकले आणि रसायनात नोकरी त्याला लागली. मी पेणला ज्युनियर कॉलेजात लॅब असिस्टंट आहे, मुलं परीक्षानळ्या फोडतात त्यांची नोंद ठेवते. दिवाळीला तो कंपनीची मिठाई घेऊन यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "काय मॅडम, लिटमस लाल झाला का निळा?" सगळे हसायचे. मीही हसायचे.

आईला बरोबर कळायचं. "तुझ्या वाटणीचं खाल्लंय काय त्यानं?" ती म्हणायची. "जळतेस कशाला गो?"

माघी गणपतीच्या आठवड्यात एका दुपारी बाबांची लघवी पूर्ण अडली. रिक्षात घालून पेणला नेलं. डॉक्टरांनी नळी घालून मोकळी केली, सोनोग्राफी करून घेतली, रक्त तपासलं. प्रोस्टेट वाढलंय, पीएसएचा आकडा जास्त वाटतोय, लघवीच्या तज्ज्ञाला दाखवून घ्या, असं म्हणाले आणि चिठ्ठी दिली. तीन ओळींची, इंग्रजीत.

घरी आल्यावर बाबांनी ती माझ्यापुढे धरली. "काय लिवलंय बघ."

पुढील तपासणीसाठी तज्ज्ञाकडे पाठवत आहे, एवढंच लिहिलं होतं.

"घाई हाय काय?"

हा प्रश्न डॉक्टरांचा होता. मी "विचारून येते" म्हणायला हवं होतं, दवाखाना काही काशीला नव्हता. पण बाबांनी तो मला विचारला होता. मी कागदावर परत एकदा नजर फिरवली आणि म्हटलं, "घाई असती तर लिहिलं असतं."

मग मोबाइलवर वाचत बसले. प्रोस्टेट वाढणं उतारवयात बहुतेक पुरुषांना होतं. पीएसएचा आकडा दुसऱ्या कारणांनीही वाढतो. आणि कॅन्सर असलाच तरी पुष्कळदा तो हळू वाढतो. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. जेवताना मी ती तिन्ही वाक्यं बाबांना वर्गात समजावतात तशी समजावून सांगितली. बाबांचा चेहरा सैल झाला.

"मंग गणपती झाल्यावर जाऊ."

"एकदा दाखवून तर या," आई म्हणाली.

"ती शिकलेली हाय ना? ती बोलते ना?" बाबा तिला म्हणाले.

ते वाक्य मला किती गोड लागलं होतं, ते अजून आठवतं. चिठ्ठी फायलीत गेली.

आषाढात भावाचा फोन आला. काकाला रात्री तीन-चारदा उठावं लागत होतं, बाकी काही त्रास नव्हता. भावाने कंपनीत येणाऱ्या डॉक्टरांना जाता जाता विचारलं, त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, आकडा वाढलेला आला, चिठ्ठी मिळाली. त्यालाही ती इंग्रजीतच मिळाली होती. त्याला ती धड वाचता आली नाही, म्हणून त्याने वाचलीच नाही. कुठे जायचं आणि आज का नाही, एवढंच विचारलं. शिफ्ट बदलून घेतली, चिठ्ठी चार घड्या करून शर्टाच्या खिशात घातली आणि काकाला घेऊन मुंबई गाठली. महिन्याभरात तुकडा काढून तपासणी झाली, ऑपरेशनची तारीखही मिळाली.

"ताई, कॅन्सरच निघाला," तो फोनवर म्हणाला. आवाज जरा फाटलेला होता. "पण जागच्या जागी हाय. बाहेर गेलेला नाय. काढून टाकणार बोललेत. आणि ऐक, सख्ख्या भावालापण तपासून घ्या बोलले डॉक्टर. आप्पांना उद्या आणतेस काय? माझी ओळख झालीय तिकडं. मी नंबर लावतो."

आप्पा म्हणजे माझे बाबा. त्याने साधी, भल्याची गोष्ट सांगितली होती. मला त्यातला एकच शब्द लागला: ओळख. कंपनीत शिरला ओळखीने, आता हॉस्पिटलातही याची ओळख. आणि आम्ही याच्या मागून, हात जोडून.

"आमच्याकडे पण चिठ्ठी आहे," मी म्हटलं. "फेब्रुवारीपासून आहे." जणू शर्यत होती आणि आम्ही पुढे होतो.

"मग? दाखवलं काय?"

"सीझन चालू आहे. आमचं आम्ही बघू."

"आप्पांना विचारून तर सांग."

"विचारते."

विचारलं नाही. काकाचं ऑपरेशन ठरलंय, एवढंच घरात सांगितलं. उद्या आणतेस काय, हे वाक्य माझ्याजवळच राहिलं.

श्रावणात बाबांची कंबर दुखायला लागली. तीही बैठकीच्याच खात्यावर गेली. गणपती झाले, पितृपक्षात दवाखाना नको म्हणून ते पंधरा दिवस गेले आणि मग आम्ही पनवेलच्या तज्ज्ञाकडे गेलो. तिथून पुढे सगळं रांगेत लागलं. जुनी सोनोग्राफी चालेना, नवीन करा. रक्त परत. तुकडा काढायची तारीख दहा दिवसांनी, त्याचा रिपोर्ट आणखी दहा दिवसांनी, हाडांच्या स्कॅनचा नंबर दिवाळीनंतर. कुणाची चूक काढावी असं त्यात काही नव्हतं, माणसंच तेवढी होती. पण प्रत्येक बाकावर बसून मी हिशोब करायचे की काकाचं हेच सगळं किती दिवसांत झालं होतं.

कॅन्सरच निघाला, आणि तो मणक्यात आणि खुब्यात पसरला होता.

"फेब्रुवारीत आलो असतो तर?" मी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारलं. बाबा बाहेर बसले होते.

त्यांनी पेणची चिठ्ठी हातात घेऊन तारीख बघितली. "तेव्हा तो कुठवर गेला होता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही," ते म्हणाले. "कदाचित तेव्हाही बाहेर पडलेला असेल. पण तेव्हा तपासलं असतं तर कळलं असतं. आणि आत असता तर काढता आला असता."

त्यांनी मला झापलं असतं तर बरं, किंवा तुमचा काही दोष नाही म्हणाले असते तरी बरं. दोन्ही केलं नाही. चिठ्ठी परत दिली आणि मी ती जिथे होती तिथे ठेवली.

त्यानंतर मला काकाकडे बघवेनासं झालं. लोक दुसऱ्याच्या घराचा, नोकरीचा हेवा करतात. मी काकाच्या कॅन्सरचा करायचे. काकी ज्याला त्याला सांगायची, "जागच्या जागी होता, म्हणून वाचले." त्या जागच्या जागीवर मी इतकी जळायचे की ती सुरू झाली की मी पाणी आणायला आत जायचे. नात्यातल्या एका हळदीला काका बेंजोवर दोन गाणी नाचला. बाबा खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते, खूश होते. मी काकाची कंबर बघत होते, कशी वळते, कशी वाकते. ऑपरेशननंतर काही महिने काकाची लघवी थांबायची नाही, लहान मुलासारखं कापड बांधावं लागायचं, असं काकीने आईला हळूच सांगितलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. लिहू नये, पण वाटलं होतं.

आणि भाऊ? तो फोन करायचा, मी उचलायचे नाही. मग त्याने करणं बंद केलं.

तर दुसरी चिठ्ठी. चौथ्या दिवशी कॉलेजला सुट्टीच होती, बाबांचा डबा घेऊन मी कारखान्यात गेले. बाबा आता पाटावर बसत नाहीत, त्यांना खुर्ची दिलीय आणि मूर्ती टेबलावर ठेवतात. समोर हातभर उंचीचा गणपती होता. डावा डोळा काढून झाला होता. मी दारात थांबले, दुसरा होईपर्यंत थांबायचंच असतं. बाबांनी ब्रश रंगात बुडवला, उचलला, मूर्तीजवळ नेला. मग दुसरा हात कमरेवर गेला. ब्रश तसाच खाली ठेवला आणि टेबलाला धरून ते उठले.

कारखान्यात कुणीही पाइपलाइनचं बोललं नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"ऱ्हाऊ दे," बाबा माझ्याकडे बघून म्हणाले. "नंतर बघू."

बाहेर पत्र्याच्या सावलीत, साच्यांच्या ढिगाजवळ आम्ही बसलो. ते डबा उघडत होते. मी सांगून टाकलं.

"बाबा, काकाच्या वेळी त्याचा फोन आलेला. तुम्हालाही उद्या आण म्हणाला होता, मी नंबर लावतो म्हणाला होता. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"कवा?"

"त्याच आषाढात. ऑपरेशनच्या आधी."

"का गो?"

"त्याच्या ओळखीने जायचं नव्हतं मला."

बाबांनी भाकरी मोडली, पण तोंडात घातली नाही. मी शिव्यांची वाट बघत होते. रस्त्यावरून जोहे-पेण गाडी येऊन गेली.

"म्हणजे त्याला वाटलं असंल, मीच नाय बोललो," ते म्हणाले. "माझ्या भावालापण वाटलं असंल. दादानं अजून धरून ठेवलंय, म्हणून आला नाय." मग बोटांवर मोजून, "पावणेदोन वर्षं ती तसंच समजून बसली असतील."

मला पेणची चिठ्ठी फायलीत पडून राहिली त्या माझ्या आठ महिन्यांची पडली होती. त्यांना भावाच्या या पावणेदोन वर्षांची.

"मी फोन करते त्याला."

"फोनवर नको. जाऊन तोंडानं सांग. आणि ती नवीन चिठ्ठी त्याला दे."

"बाबा, मी वाचलीय ती, त्यात—"

"वाचलीस ना? झाली ना वाचून? मंग दे आता."

ती शिकलेली हाय ना, म्हणालेला तोच माणूस. आवाजही तेवढाच साधा.

घरून फाईल घेतली आणि पेणहून रोह्याची गाडी पकडली. वाटेत गडबला एक बाई चढली, माझ्या मांडीवरची फाईल बघून म्हणाली, "मुलाखतीला काय गो?" मी हो म्हटलं. तीनला पहिली शिफ्ट सुटते तेव्हा मी धाटावला गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर उभी होते. हवेत तो वास होता, ज्याचं सूत्र मला लिहून दाखवता येईल आणि ज्याच्यात मला कधी काम मिळालं नाही. माणसं बाहेर पडत होती, गाड्यांना किक मारत होती. माझ्या भावाला येता-जाता दहा जण हाका मारत होते.

त्याने मला बघितलं आणि थबकला. मग जवळ येऊन हसला. "काय मॅडम, इकडं कुठं? लॅबमध्ये जागा निघाली काय?"

चेष्टाच होती. तरी लागली. त्या लागण्याच्या भरातच मी सगळं सांगितलं, त्याचा फोन, बाबांना न सांगितलेलं, सगळं. टपरीवाल्याने दोन चहा ठेवले, ते तसेच राहिले.

"आप्पांना ठाऊकच नव्हतं?" त्याने विचारलं.

"नाही."

"माझे बाबा अजून काढतात तो विषय. दादाला एवढा निरोप दिला, तरी आला नाय म्हणून." त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. आता तो हसत नव्हता. "तुला माझा राग हाय हे मला ठाऊक होतं, ताई. बारावीपासून ठाऊक होतं. पण तो आप्पांवर निघंल असं नव्हतं वाटलं."

मी फाईल पुढ्यात घेतली.

त्याने हात पुढे केला. "चिठ्ठी आण."

मी फाईल उघडली. प्लास्टिकला कागद चिकटला होता, तो त्यानेच बोटाने सोडवून ओढून घेतला. उघडून बघितलाही नाही. चार घड्या घातल्या आणि कंपनीच्या शर्टाच्या खिशात कोंबला. घडी घालू नकोस, असं माझ्या तोंडावर आलं होतं.

"तातडीचं लिहिलंय त्यात," मी म्हटलं.

"ते लिहायला लागतंय काय?" तो म्हणाला.

मग त्याने तिथेच उभं राहून मुंबईला फोन लावला. "हां ताई, मी रोह्याचा. वळखलंत ना? नाय, बाबा मस्त हायत. आता माझ्या आप्पांना आणतोय, सख्खे चुलते. व्हय, उद्याच. तुम्ही फक्त नाव घालून ठेवा." पलीकडची बाई हसली, ते मला एवढ्या लांबून ऐकू आलं. मला मेलीला तेव्हाही हेवा वाटला, की एवढं सगळं ऐकून घेतल्यावर याला दोन मिनिटांत असं बोलता कसं येतं.

फोन ठेवून त्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला. "आप्पांना पहाटे साडेचारला तयार ठेव. गाडी घेऊन येतो. बाबापण येतील, त्यांना घरी बसवत नाय आता."

"मी येऊ?"

"ये की. जुने रिपोर्ट तुझ्याकडंच असतील ना?" त्याने हेल्मेट डोक्यावर चढवलं. "आणि ती पेणची पहिली चिठ्ठी पण घे. त्या खिडकीवर विचारतात, पहिल्यांदा कुणी पाठवलं आणि कवा. तारीख बघतात."

"घेते," मी म्हटलं.